बादलीले सांग

आप्पांनी कुलूप काढलं, दार लोटलं आणि भाड्याचं काही बोलायच्या आधी माझ्या हातात झाडू दिला. "झाड जरा," म्हणाले.

खोली स्वच्छ होती. मी बँकेतून थेट आलेली, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. त्यांनी पिशवी माझ्याकडून घेतली, भिंतीशी नीट उभी केली आणि उंबऱ्यावर पाठमोरे जाऊन बसले. परक्या माणसाच्या रिकाम्या खोलीत, त्याच्याच सांगण्यावरून मी केर काढला. निघाला काहीच नाही. तरी काढला, कारण माझ्या यादीतल्या बाकीच्या खोल्या एकतर खाडीच्या काठावर होत्या, नाहीतर तिथे नळ नव्हता. झाडून झाल्यावर झाडू कोपऱ्यात आडवा ठेवला, ही आईने लावलेली सवय. आप्पा उठले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"ये ऱ्हावाले," म्हणाले.

जिना उतरताना मी मागे पाहिलं. आप्पा कोपऱ्यातला झाडू उचलत होते आणि त्याला काहीतरी सांगत होते.

बँकेत काम करणाऱ्याला एक सवय लागते. सही जुळली तरी चेहरा बघायचा. मी त्या दिवसापासून आप्पांचा चेहरा बघत राहिले, आणि दोन पावसाळे त्या घरात काढूनही सही जुळली असं मला लवकर वाटलं नाही.

घर पांडेसऱ्याच्या मिलांच्या अलीकडे होतं, माझ्या उधन्याच्या शाखेपासून रिक्षाने जवळ. आप्पा मूळचे खानदेशातले, उमेदीची सगळी वर्षं एका कपडा मिलच्या रंगखात्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर हे दुमजली घर बांधलं. खाली ते एकटे, त्यांच्या शेजारच्या खोलीत त्यांच्याच भागातलं एक कुटुंब, त्यातल्या बाईला सगळे वहिनी म्हणत. वर आम्ही, म्हणजे मी आणि सासूबाई. नवरा कंपनीच्या कामाने फिरतीवर, घरी आला तर पाहुणाच. मधल्या अंगणात एक नळ, एक धुण्याचा दगड आणि शेवग्याचं झाड. फाटकासमोर दरजीभाईंचं शिवणाचं दुकान. गल्लीत काय घडतंय हे गल्लीच्या आधी दरजीभाईंना कळायचं.

आप्पा घरातली सगळी कामं स्वतः करत. एकटा माणूस करणारच, त्यात काही विशेष नाही. विशेष होतं ते करण्याच्या रीतीत. सकाळी नळाशी बसून चहाचं पातेलं घासायचे, विसळायचे, तोंडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "उपकार." मग गाळणी. "उपकार." मग कपबशी, दोघांना वेगवेगळं. पुसायचं फडकं पिळून दोरीवर टाकलं की त्यालाही. नळ बंद करताना नळाला. स्वर अगदी साधा, आपण रिक्षावाल्याला 'बस, इथेच' म्हणतो तसा. देवघरातला स्वर असता तर मी सोडून दिलं असतं. भक्तिभावाला कुणी विचारत नाही. हा माणूस गाळणीशी व्यवहार केल्यासारखा बोलायचा, आणि व्यवहार दिसला की मी दुसरी बाजू शोधते.

तर्क प्रत्येकाचे होते. दरजीभाई कपाळाशी बोट फिरवून गुजरातीत म्हणायचे, "मगज फरी गयुं छे." वहिनींना वाटे बाहेरचं काहीतरी असावं, पण त्रास देणारं नसावं. सासूबाईंचं मत पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं होतं: तो मंत्र म्हणतो. "बाप्या माणूस भांडी घासतो आणि घासता घासता पुटपुटतो. अगं, खोली बदल." माझा संशय व्यवहारी होता. भाडं कमी, नळाला पाणी, मालक कटकट करत नाही, आणि अट काय तर झाडू नीट ठेवायचा. यात कुठेतरी मेख असणार.

मेख सापडल्यासारखं वाटलं ते कढईच्या दिवशी. मी पिठलं केलं होतं, ते बुडाला लागलं, आणि मी उलथन्याने कढई खरवडत होते. थोड्या वेळाने दारावर टकटक. आप्पा.

"तुनी कढई रडनी," म्हणाले.

मी विचारलं, कुठली कढई.

"लोखंडनी. पिठलं करं व्हतं ना?"

मग त्यांनी सांगितलं की गरम पाणी घाल आणि वाट बघ, "ती सोताच सोडी देस." आणि गेले. खालच्या मजल्यावर बसलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर काय शिजलं, कशात शिजलं आणि कसं लागलं हे कळतं, म्हणजे तो सतत कान लावून बसतो, हे आम्हा दोघींच्या एकदम लक्षात आलं. त्या संध्याकाळी मी जिन्याकडच्या खिडकीला जाड पडदा लावला. गरम पाणी घालून कढई सुटली, हे खरं. पडदा मी काढला नाही.

पुढे एका रविवारी दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, मी गच्चीवर पापड उलटायला गेले तर खाली आप्पा शेवग्याच्या बुंध्याशी उकिडवे बसून खड्डा करत होते. शेजारी कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, हातभर लांब. त्यांनी ते खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, वर हात ठेवून काहीतरी म्हणाले. मी सासूबाईंना सांगायला नको होतं. त्यांनी ताबडतोब दाराला लिंबू बांधायला लावलं.

मी लिंबावर विसंबणारी नाही. पुढच्या रविवारी तुळशीचं रोप आणलं, खुरपी घेतली आणि त्याच जागी लावायला बसले. आप्पा दुपारी बाजारात जात, ते बघून ठेवलं होतं. चार बोटं माती काढली तोच कपडा लागला. धुऊन घडी केलेलं जुनं धोतराचं पान. आत एक झाडू, झिजून झिजून मुठीएवढा राहिलेला. त्याच्या शेजारी दांडा तुटलेला एक डाव, तोही घासूनपुसून ठेवलेला.

"सापडनं का?"

आप्पा मागे उभे होते, हातात भाजीची पिशवी. मी तुळशीचं काहीतरी बोलले. त्यांनी ते ऐकलंच नाही. खाली बसले, झाडू पुन्हा गुंडाळला आणि मला समजावल्यासारखं म्हणाले, "जलमभर तेनी कचरा काढा. तेलेच कचरामा टाकू?"

मग माझ्या हातातून रोप घेतलं, तिथेच लावलं आणि खुरपी नळाखाली धुऊन मला परत दिली. खुरपीला म्हणाले, उपकार. मला काही म्हणाले नाहीत.

हेही एक होतंच. वस्तूंचे उपकार मानणारा हा माणूस माणसांचे मानत नसे आणि स्वतःचे मानू देत नसे. एकदा दिवसभर पाणी गेलं होतं. मी बँकेतून आले तर वरच्या दारात पाण्याने भरलेली त्यांची पितळी बादली. कुठल्यातरी बोअरवरून आणून, जिना चढून ठेवलेली. मी खाली जाऊन थँक्यू म्हटलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मले नको. बादलीले सांग."

मी हसले. ते हसले नाहीत. बादली रिकामी करून परत नेऊन दिली तेव्हा ते बादलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत उभे राहिले, मी काही बोलते का म्हणून. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ताटलीतून शिरा पाठवला. ताटली धुऊन परत आली. देताना त्यांनी ताटलीचे उपकार मानले. शिरा कसा झाला होता, एक शब्द नाही.

सासूबाई म्हणाल्या, "हा उपकार फेडू देत नाही, बघितलंस? तसेच आपल्या अंगावर ठेवतो. एक दिवस वसूल करेल." आणि पुढे, "मी काही मेले तरी त्या बादलीशी बोलणार नाही."

सासूबाईंची आणि त्यांची गाठ एकदाच समोरासमोर पडली होती. जिना उतरताना त्यांचा पाय जिन्याखाली ठेवलेल्या आप्पांच्या सुपाला लागला. त्या सवयीने वाकल्या, सुपाला हात लावला, कपाळाला लावला. आप्पा दारातून बघत होते.

"पाय लागना ते हात जोडतस," ते म्हणाले. "हात लागना तवय कसाले नही?"

सासूबाई वर आल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "वेड्या माणसाने वेड्यासारखं बोलावं. हा तसं बोलत नाही, म्हणून मला भीती वाटते."

आप्पांच्या खोलीत एक वस्तू मात्र अशी होती जिला ते कधी हात लावत नसत, त्यामुळे तिचे उपकार मानायचाही प्रश्न नव्हता. दाराच्या मागे खिळ्याला एक धोपाटणं टांगलेलं होतं. कपडे बडवायचं साधं लाकडी धोपाटणं. पण त्याचं लाकूड लाकडाच्या रंगाचं राहिलं नव्हतं. कुठे जांभळं, कुठे हिरवट, कडेला गंजासारखं लाल. आप्पा स्वतःचे कपडे हाताने चोळून धूत. धोपाटणं तिथेच.

त्याची हकीकत वहिनींनी सांगितली, मेथी निवडता निवडता. त्यांचा नवरा आप्पांच्या हाताखाली काम करून वर चढलेला. आप्पा रंगखात्यातून यायचे ते केसांपासून नखांपर्यंत रंगून. अंगणात कपडे काढायचे, पायाने दगडाकडे ढकलायचे आणि आत जायचे. बायको ते त्या धोपाटण्याने बडवून धुवायची. पहिलं पाणी बघून तिला कळायचं आज मिलमध्ये काय चाललं. 'आज मोरपिशी होता का?' असं ती आत ओरडून विचारायची. आप्पा उत्तर द्यायचे नाहीत. मग ती तापाने गेली, आजारी पडली म्हणेपर्यंत. दिवस झाल्यावर आप्पा कामावर गेले, परत आले, कपडे पायाने ढकलले आणि आत जाऊन बसले. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन बघतात तर कपडे तिथेच. मग स्वतः धुवायला बसले. एका सदऱ्यातून रंग निघतच राहिला. बादल्यांवर बादल्या. नळाचं पाणी गेलं तरी ते तसेच बसून होते, असं वहिनी म्हणाल्या.

वहिनींच्या कुठल्याही गोष्टीतलं अर्धं मी वजा करते. या वेळी कुठलं अर्धं वजा करायचं ते ठरेना, म्हणून तशीच ठेवून दिली.

मग प्लेगचं वर्ष आलं. पुराचं पाणी ओसरलं होतं, गाळ सगळीकडे तसाच होता, आणि सप्टेंबरात एका संध्याकाळी गल्लीत बातमी आली. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानांतून गोळ्या संपल्या. तिसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही असं लोक सांगत, सांगत आणि स्टेशनकडे जात. वहिनी दाराला कुलूप लावून गावी गेल्या. जाताना मला लांबूनच म्हणाल्या, तुम्हीही निघा.

आम्ही निघू शकत नव्हतो. सासूबाईंना दमा. दरवर्षी पावसाळा सरताना उसळायचा, तसा त्या वर्षीही उसळला होता. त्या गर्दीत गाडीत चढणं त्यांना झेपलं नसतं, आणि चढल्या असत्या तरी त्यांच्या पहिल्या खोकल्याला लोकांनी आम्हाला पुढच्या स्टेशनावर उतरवलं असतं. नवरा मद्रासला. एसटीडीच्या बूथवरून बोलणं झालं, तो म्हणाला कुठे जाऊ नका, मी येतो. कसा येणार हे त्यालाही माहीत नव्हतं. मी सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, जुना दमा आहे, दुसरं काही नाही म्हणाले, तसं कागदावर लिहून दिलं. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला.

कागदाचा उपयोग झाला नाही. खोकला भिंतीतून जातो, कागद जात नाही. आधी दूधवाल्याने वर येणं सोडलं. मग गल्लीतली पोरं आमच्या खिडकीखालून धावत जायला लागली. मग दरजीभाई तोंडाला मापाच्या कपड्याची घडी धरून अंगणात आले आणि वर बघून म्हणाले, "बेन, आ उधरस सारी नथी लागती."

हा खोकला काही बरा वाटत नाही, असं ते म्हणत होते. मी कागद दाखवला. तुम्ही खाली येऊन दाखवा म्हणाले. मी खाली गेले तर ते फाटकापर्यंत मागे सरकले. कागद लांब धरून दाखवला. लांबून वाचता येईना, आणि हातात घ्यायला तयार नाहीत, कारण तो कागद खोकणारीच्या घरातला. त्यांच्या मागे गल्लीतली आणखी पाच-सात माणसं जमली. त्यांचं ठरलं होतं. सकाळपर्यंत म्हातारीला इथून हलवा, नाहीतर आम्ही गाडी बोलावतो.

गाडी म्हणजे कुठली ते सगळ्यांना माहीत होतं. प्लेगच्या संशयितांना वेगळं ठेवत तिथे नेणारी. सासूबाईंनी वरून सगळं ऐकलं होतं. मी वर आले तेव्हा त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. खोकला आत दाबून डोळे लाल झालेले. बोळा काढून म्हणाल्या, "मला त्या गाडीत बसवू नकोस. मला झालेलं नाही, पण तिथे होईल."

बरोबर बोलत होत्या. अशा वेळी मी यादी करते. पेन घेतलं. कपडे, दम्याचा पंप, औषधं, असं लिहिलं, आणि पुढे कुठे जायचं ते न सुचल्यामुळे थांबले.

खिडकीचा पडदा सारून पाहिलं. माणसं अजून फाटकाशी होती, आणि आता ती आप्पांशी बोलत होती. आप्पा दगडावर बसून ऐकत होते. दरजीभाई हातवारे करून सांगत होते. आप्पांनी होकारार्थी मान हलवली. पुन्हा हलवली. मग उठून खोलीत गेले.

ती मान मी वरून नीट पाहिली होती. घर त्यांचं. गाडी आली की घरावर फवारणी, मग वर्षभर कुणी भाड्याने राहायला येणार नाही. कुठल्याही शहाण्या मालकाने जे केलं असतं तेच ते करणार. जिन्यावर पावलं वाजली. मी दारात आडवी उभी राहिले. आप्पा वर आले तेव्हा त्यांच्या हातात ते धोपाटणं होतं. सासूबाई भिंतीला टेकल्या.

"आक्कानी गोधडी दे," आप्पा सासूबाईंकडे बघून म्हणाले.

मी विचारलं, कशाला. जाळायला का?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कढई रडली हे सांगताना बघितलं होतं.

"धुवाले."

खालची माणसं काय म्हणताहेत ते ऐकलंत ना, मी विचारलं. ऐकलं, म्हणूनच, ते म्हणाले. उशीची खोळ द्या, टॉवेल द्या, आणि ती पिकदाणीही द्या. मी हलले नाही. तेव्हा सासूबाईंनीच बसल्या जागेवरून पायावरची गोधडी काढून पुढे केली.

त्यांनी ती छातीशी धरली. जाड जुनी गोधडी, दोन्ही हातांत मावेना, म्हणून एक बाजू खांद्यावर टाकली, तिच्यावर हनुवटी ठेवली आणि त्याच अवस्थेत जिना उतरून, सगळ्यांच्या देखत, अंगणातून चालत दगडापर्यंत गेले. तोंडाला रुमाल नाही.

चुलीवर पाणी उकळायला ठेवलं होतं, म्हणजे वर यायच्या आधीच ठेवलं असणार. पितळी बादलीत ओतलं. गोधडी भिजवली, साबण लावला आणि धोपाटणं उचललं. पहिला घाव बसला तेव्हा ते थोडे थांबले. मग एका लयीत बडवायला लागले. म्हातारा माणूस, गोधडी पाणी पिऊन दगडासारखी जड झालेली. प्रत्येक घडी उलटायला गुडघ्याचा टेकू लावत होते. मध्येच खोळ घेतली, चोळली, पिळली, तोंडासमोर धरली. "उपकार." टॉवेल. "उपकार." मग पिकदाणी घेतली. आत हात घालून राखेने घासली, दोनदा उकळत्या पाण्याने विसळली, उन्हाकडे धरून आत पाहिलं आणि तिलाही म्हणाले, नेहमीच्याच आवाजात.

दरजीभाईंना राहवलं नाही. "आप्पा, मरवुं छे?"

आप्पांनी मान वर केली नाही. "तुमी डाक्तरना कागद हातमा धरा नही," म्हणाले. "आते ही गोधडी वाचा."

वर सासूबाईंच्या तोंडातून पदराचा बोळा गळून पडला होता. त्या मोकळेपणी खोकत होत्या, आणि खाली तो खोकला ऐकत गोधडी बडवणं चालू होतं.

हे शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर चुकले असते तर? मी ते तेव्हाही मनात धरून होते, आणि आजही कुणाला असं करा म्हणून सांगणार नाही. पण झालं ते असं की माणसं एकेक करून पांगली. दरजीभाई उरले. बराच वेळ फाटकाला धरून उभे होते. मग मला हाक मारून म्हणाले, कागद आणा. हात लांब करून घेतला, वाचला, आणि गल्लीत जाऊन मोठ्याने सांगितलं काय लिहिलंय ते. सकाळी गाडी आली नाही. कुणी बोलावलीच नव्हती. आप्पा मात्र सकाळी वर आले, आदल्या दिवशीचे कपडे न्यायला. रोज यायला लागले. घरचं मी धुते म्हटलं तर म्हणाले, तू आत धुशील. आत धुतलेलं कुणाला दिसतं?

मी आभार मानायला गेले तेव्हा उत्तर ठरलेलंच होतं. "बादलीले सांग." मी भरल्या बादलीपुढे क्षणभर उभी राहिले. इकडे तिकडे पाहिलं. मला जमलं नाही. बँकेला उशीर होत होता.

पुढे साथ गेली. लोक परतले, वहिनींनी कुलूप उघडलं, शहरात सफाईची धूम सुरू झाली. गल्लीगल्लीत झाडू दिसायला लागले, खाडीकाठचे उकिरडे उचलले गेले. लोक आप्पांना म्हणायचे, बघा, आता सगळं गाव तुमच्यासारखं झालं. आप्पा बघायचे आणि म्हणायचे, झाडू सगळ्यांनी धरला, पण त्याच्याशी कोणी बोललं नाही.

नवरा येऊन गेला, सासूबाईंचा दमाही ओसरला. एका सकाळी मी डबा भरत होते तर त्या धुतलेलं लुगडं नेसून जिना उतरताना दिसल्या. एकट्या, कठड्याला धरून. मी मागे जाणार होते, पण त्यांनी हातानेच नको म्हटलं. मी जिन्यातच थांबले.

आप्पा नळाशी पाठमोरे बसून तांब्या घासत होते. सासूबाई सरळ धुण्याच्या दगडापाशी गेल्या, तिथे ठेवलेल्या पितळी बादलीसमोर बसल्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर नीट घेतला, वडीलधाऱ्या माणसापुढे घेतात तसा.

"बाई," त्या बादलीला म्हणाल्या. "मी तुझ्याशी बोलणार नव्हते. पण तुझ्या घरची रीतच आहे म्हणतात."

आप्पांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"ती गोधडी माझ्या आईच्या लुगड्यांची आहे. कुणी जाळली असती तर मी काय करणार होते? तू धुतलीस. माझा कफ धुतलास. पोटच्या पोराने धुतला नसता, त्याला शिसारी आहे, लहानपणापासून आहे." त्यांना दम लागला. थांबल्या. "मला त्या गाडीत बसवलं असतं तर मी परत आले नसते, बाई. हे मला माहीत आहे. तुलाही माहीत होतं."

आप्पा तांब्यावर राख घासत राहिले.

"मी तुला वाईट बोलले. मंत्र म्हणतेस म्हणाले, दाराला लिंबू बांधलं. माझी सूनही बोलली. ती काही तुला येऊन सांगायची नाही, तिला कामावर जायचं असतं. म्हणून तिचंही मीच सांगते."

त्यांनी पुढे वाकून बादलीच्या काठाला हात लावला आणि कपाळाला लावला. पाय लागला नव्हता.

मग तशाच बसून राहिल्या, उत्तराची वाट बघत असल्यासारख्या. आप्पांनी तांब्या नळाखाली विसळला, तोंडासमोर धरला. ओठ हलले, पण त्या दिवशी शब्द ऐकू आला नाही. तांब्या लखलखीत होता, त्यात शेवगा दिसत होता. आप्पांनी तो पुन्हा खाली ठेवला, मूठभर राख घेतली आणि पहिल्यापासून घासायला सुरुवात केली.